लहान जेट एंजिन आणि खारे पाणी

विमानवेधी तोफांचा व क्षेपणास्त्रांचा सराव करावयाचा, तर आकाशात उडते लक्ष्य हवे. याकरिता बंगळुरू येथील वैमानिकी विकास संस्थेने ‘लक्ष्य’ नावाचे वैमानिकरहित विमान तयार केले. भारतीय हवाई दलात ते २००० साली दाखल झाले. त्याचे छोटे जेट एंजिन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनविले. समुद्रावरील उड्डाण संपले, की हे विमान हवाई छत्रीच्या साहाय्याने पाण्यावर उतरते व तेथून उचलून पुन्हा वापरता येते. मात्र खारे पाणी शिरलेल्या एंजिनावर पुन्हा विश्वास कसा ठेवावा?

समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडाचा पातळ थर असतो; तेच त्याचे नैसर्गिक कवच होय. क्षारांतील क्लोराइड आयन हे कवच जागोजागी भेदतात आणि धातूत बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियम पोलादाला टेकलेले असेल, तर खाऱ्या पाण्यामुळे तेथे जणू विद्युत्‌घटच तयार होतो व ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते.

एंजिन पाण्याबाहेर काढले, की धोका टळला असे मात्र समजू नये. ओलसर क्षारांच्या पातळ थराला हवेतील प्राणवायू मुबलक मिळतो, त्यामुळे गंजण्याची क्रिया उलट अधिक वेगाने चालते. म्हणून एंजिन विनाविलंब गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून त्यास संरक्षक तेल द्यावे लागते. एंजिन चालू असताना हवेबरोबर क्षार आत गेल्यास त्यांतील सोडियम व इंधनातील गंधक यांपासून सोडियम सल्फेट बनते. ते ८८४ अंश सेल्सिअसला वितळते आणि टर्बाइनच्या तप्त पात्यांवरील संरक्षक थर नष्ट करते.

टिकाऊपणाची परीक्षा दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात धातूचे नमुने ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पेटीत ठेवून त्यांवर ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके सोडतात. त्यावरून निरनिराळ्या लेपांची तुलना करता येते. संपूर्ण एंजिनाचे आयुष्य मात्र कळत नाही. त्याकरिता एंजिनच खाऱ्या पाण्यात बुडवावे, धुवावे, वाळवावे आणि चाचणीमंचावर चालवावे लागते. पूर्वीइतकाच रेटा मिळविण्यास अधिक इंधन लागले किंवा निष्कास वायू अधिक तापले, तर आत कोठेतरी बिघाड झाला आहे असे समजावे. शेवटी एंजिन खोलून, भेगांत शिरणाऱ्या रंगद्रव्याने प्रत्येक पाते तपासतात.

एंजिन पुन्हा सुरू झाले एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही. दृष्टीस न पडणारा एखादा खड्डाही पुढील उड्डाणात वेगाने फिरणारे पाते मोडण्यास कारण होऊ शकतो.