व्यसनमुक्तीची पहिली बैठक

गोंदिया शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेले बिरसी हे गाव विमानतळामुळे सर्वांना परिचित झाले आहे. १९४० साली ब्रिटिश राजवटीत येथे धावपट्टी बांधली गेली आणि मार्च २०२२ मध्ये तेथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तरीही धावपट्टीच्या भोवतीचे जीवन धानाच्या बांध्यांशीच निगडित आहे. अशा लहान गावात कोणाच्या घरी काय चालले आहे, हे कोणापासून लपत नाही. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. मात्र त्याने मदत कोठे मागावी, हे सांगणारा क्वचितच भेटतो. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना ही उणीव भरून काढता येईल.

दुर्गुण नव्हे, आजार

मद्यासक्ती हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. दीर्घकाळ नित्य मद्यपान केल्याने शरीर व मेंदू यांना मद्याची सवय जडते. अशा व्यक्तीने एकाएकी दारू बंद केल्यास हातपाय थरथरणे, झोप उडणे, झटके येणे, भ्रम होणे अशी लक्षणे पहिल्या काही दिवसांत उद्भवू शकतात व प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून शपथ घ्यायला लावून किंवा खोलीत कोंडून दारू सोडविणे इष्ट नव्हे. प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, औषधोपचार करावा आणि त्यानंतर मनाला आधार द्यावा, हाच क्रम योग्य होय. औषधाने शरीर सावरते. परंतु सायंकाळ झाली की पावले पुन्हा गुत्त्याकडे वळतात. तेथे उपयोगी पडते ती समदुःखी माणसांची बैठक.

बैठकीचे स्वरूप

या पद्धतीचा उगम १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात झाला. बिल विल्सन हे शेअर बाजारातील व्यावसायिक आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, असे दोन मद्यासक्त एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९५७ पासून तिचे कार्य भारतातही सुरू आहे. महाराष्ट्रात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. उपचारानंतरचा पाठपुरावा व कुटुंबाचा सहभाग यांवर या केंद्राने भर दिला.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या बैठकीस फी नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. तेथे व्याख्यान दिले जात नाही किंवा उलटतपासणीही होत नाही. प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो व इतर ऐकतात. नवागताने नुसते बसून ऐकले तरी चालते. ‘जन्मभर पिणार नाही’ असे वचन कोणी मागत नाही. आजचा दिवस दारूविना घालवावा, एवढाच संकल्प असतो. खुल्या बैठकीस नातेवाईकही येऊ शकतात. बंद बैठक केवळ मद्यासक्तांसाठी असते. कुटुंबीयांकरिता ‘अल-अनॉन’चे स्वतंत्र गट असतात.

बैठकीचा शोध

केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनीवर व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन मिळते. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी रुग्णास गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात पाठवू शकतात. तेथील डॉक्टरांकडे जवळच्या गटाची चौकशी करावी. जाण्यापूर्वी बैठकीचा वार, वेळ आणि ती खुली आहे की बंद, हे विचारून घ्यावे. एका गटात मन रमले नाही तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. एकाच भेटीवरून निर्णय करू नये.

गावाचे कर्तव्य

लहान गावात खरी अडचण लोकलज्जेची असते. बैठकीला गेलो तर चारचौघांत नाव होईल, या भीतीने अनेकांची पावले दारातच अडतात. म्हणूनच नाव गुप्त राखणे हा या गटांचा मूळ नियम आहे. आपल्याच गावी जाण्याचा संकोच वाटत असेल, तर शहरातील गट सोयीचा ठरतो.

ग्रामसभेत नाव घेऊन निर्भर्त्सना केल्याने किंवा दंड ठोठावल्याने माणूस सुधारण्याऐवजी लपून पिऊ लागतो. ‘दारू सोडा’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा ‘भाऊ, चला, मी सोबत येतो’ हे एक वाक्य अधिक परिणामकारक ठरते. पंचायतीने आठवड्यातून एक सायंकाळ शाळेची खोली द्यावी, मात्र उपस्थितांची यादी मागू नये. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावसंघटना व तालुका पातळीवरील उपचार यांची सांगड घातली. गाव आणि दवाखाना यांनी एकत्र काम कसे करावे, याचा तो जवळचा दाखला आहे.

व्यसनमुक्तीच्या वाटेवर पाऊल पुन्हा घसरू शकते. अशा वेळी परत आलेल्या माणसाला बैठकीत जागा असते. तशीच ती गावातही असली पाहिजे. त्याच्या पत्नीला शेजारणीने घरी येऊन धीर दिला, मुलांना शाळेत कोणी हिणवले नाही आणि सायंकाळी कोणी तरी त्याच्यासोबत बैठकीपर्यंत चालत गेले, तर औषधाइतकेच मोलाचे काम गावाच्या हातून घडेल.