पोट सुटलंय? मग नुसतं पोटच हलवू नका!

मैत्रिणींनो, अकोले तालुक्यातल्या राजूरला पावसाची झड लागली की सकाळचं फिरणं बंदच! मग घरातल्या घरात कोणता व्यायाम निवडाल? नुसत्या पोटाच्या व्यायामानं स्नायू घट्ट होतात, पण चरबी नेमकी तिथलीच झडत नाही. त्यापेक्षा सूर्यनमस्कार घाला. संस्थानी काळात औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते शाळांतून रुजवले. सारं अंग हलतं, जागा लागते सतरंजीएवढी. सुरुवातीला चारच, मग हळूहळू वाढवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेलशी हालचाल हवी. घरकामानं थकवा येतो, पण दम क्वचितच लागतो. गुडघे दुखत असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं ‘वाया नको’ म्हणून तोंडात टाकता ना? ते आजपासून बंद!