पंचगंगा आणि जिवाणी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा आकारास येते. सुमारे ८० किलोमीटर वाहून ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. एवढ्या अल्प प्रवासात तिने किती सोसावे! कोल्हापुरात जयंती नाला तिला मिळतो, इचलकरंजीत काळा ओढा. शहरांच्या सांडपाण्यात कापड-प्रक्रियेच्या रंगीत पाण्याची भर पडते.

उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो. शेतीला वरदान ठरलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे तेव्हा हेच पाणी साचून राहते. जलपर्णी पसरते, प्राणवायू घटतो आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच पडतो. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसेही दगावली.

या काठावरील जैन वस्ती जुनी. पाणी दुहेरी वस्त्राने गाळावे आणि वस्त्रावर राहिलेली जिवाणी, म्हणजे ते सूक्ष्म जीव, ज्या जलाशयातले पाणी तेथेच अलगद सोडावी, हा श्रावकाचार. मूळ पाणी त्या जीवांस सुरक्षित आहे, हे त्यात गृहीत होते. आता तसे उरले नाही. आणि पाण्यात विरघळलेला रंग तर कोणत्याही वस्त्राने अडत नाही.

यंत्रमाग, कापड-प्रक्रिया, ऊसशेती यांत समाजबांधवही आहेत. सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर वाचलेला खर्च नफ्यात दिसतो. खालच्या गावांतील औषधपाण्याचा खर्च मग कोणाच्या खाती मांडावा?