उद्यांचीं दुःस्वप्नें आणि आपल्या आठवणी

जगाचा नाश झाला आहे, मोजकीं माणसें कोठें तरी तळघरांत जीव धरून आहेत, आकाशाला भिडलेल्या इमारतींच्या पायथ्याशीं ऊन पोंचत नाहीं, आणि माणसापेक्षां यंत्रालाच अधिक मान आहे, अशा प्रकारचे वैज्ञानिक चित्रपट पाश्चात्य देशांत जवळजवळ शंभर वर्षें निघत आहेत. ते पाहून आलेला मनुष्य घरीं बहुधा एकच प्रश्न विचारतो : पदरचे पैसे देऊन हें भय विकत कां घ्यावयाचें ? प्रश्न रास्त आहे. माझें उत्तर असें कीं, भविष्याचा हा देखावा वरवरचा असतो. आपल्या काळांतील जें दुःख संवयीमुळें डोळ्यांना दिसेनासें झालें, तें उचलून दिग्दर्शक उद्यांच्या जगांत नेऊन ठेवतो, म्हणजे तें पुन्हां दिसूं लागतें. या जातीच्या उत्तम चित्रपटांत आणखीही एक गोष्ट हटकून आढळते. त्यांतील संकटाचें मूळ शोधीत गेल्यास आपण माणसाच्या स्मृतीपाशीं येऊन थांबतों.

या परंपरेंतील पहिला मोठा चित्रपट म्हणजे फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट. तो १९२७ च्या जानेवारींत बर्लिनमध्यें प्रथम दाखविण्यांत आला. त्याची कथा लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांची. लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर याच बाईंनीं मराठी पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशीं विवाह केला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९२४ सालीं न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती पाहून आपणांस हें नगर सुचलें, असें लांग सांगत. म्हणजे पडद्यावरचें भावी शहर त्या वेळीं पृथ्वीवर उभेंच होतें ! त्या शहरांत वर उद्यानांत श्रीमंतांचीं मुलें खेळतात आणि कामगार भूमीखालीं राहतात. पाळी बदलतांना त्यांच्या रांगा मान खालीं घालून एका पावलानें चालतात. त्यांच्या घड्याळावर दहाच आंकडे आहेत, कारण पाळी दहा तासांची. गिरणीचा भोंगा ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना हें दृश्य समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

या चित्रपटांत रोटवांग नांवाचा शास्त्रज्ञ धातूची एक स्त्री घडवितो. हेल नांवाच्या मृत स्त्रीची आठवण त्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. ती त्याला सोडून नगराच्या अधिपतीची पत्नी झाली आणि मुलाला जन्म देतांना वारली. त्या सर्व यंत्रविद्येच्या मुळाशीं असें एक साधें दुःख आहे. नवल असें कीं, अमेरिकेंत दाखविण्यासाठीं चित्रपटाची कांटछांट झाली तेव्हां हेलची ही हकीगतच काढून टाकण्यांत आली, आणि उरलेल्या चित्रपटांत रोटवांग नुसता माथेफिरू दिसूं लागला. मनुष्याची आठवण काढून घेतली कीं त्याच्या वागण्याचा अर्थच हरपतो, याचें याहून स्पष्ट प्रात्यक्षिक कोणतें असूं शकेल ? पुढें मूळ चित्रपट पूर्णरूपानें कोठेंच मिळेना. २००१ सालीं युनेस्कोनें ‘जगाची स्मृति’ या आपल्या नोंदवहींत त्याचा समावेश केला, तेव्हांही त्याचा सुमारें चौथा हिस्सा हरवलेलाच होता. २००८ सालीं अर्जेंटिनांतील ब्यूनॉस आयर्स येथील चित्रपट-संग्रहालयांत एक ओरखडे पडलेली, पण जवळजवळ संपूर्ण प्रत सांपडली, आणि २०१० सालीं लोकांना हेलची हकीगत पडद्यावर पुन्हां पाहावयास मिळाली.

दुसरें उदाहरण फ्रान्समधील. क्रिस मार्केर यांचा १९६२ चा ‘ला जते’ हा चित्रपट अवघा अठ्ठावीस मिनिटांचा आहे, आणि एक क्षण सोडला तर तो सारा स्थिर छायाचित्रांनीं सांगितलेला आहे. तिसऱ्या महायुद्धांत पॅरिस उद्ध्वस्त झालें आहे. भूमीखालीं जेते आपल्या कैद्यांना काळांतून मागें पाठविण्याचे प्रयोग करीत आहेत. कित्येक कैदी त्यांत मरतात किंवा वेडे होतात. एक मात्र टिकतो, कारण लहानपणीं ओर्ली विमानतळावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा त्याच्या मनांत घट्ट रुतला आहे. तीच आठवण त्याला तारते, आणि शेवटीं तीच त्याला मृत्यूकडे ओढून नेते. प्रयोग करणारे जर्मन भाषेंत कुजबुजतात. युद्ध संपून सतराच वर्षें झालेल्या फ्रान्समध्यें ही कुजबूज ऐकून पुष्कळांच्या अंगावर कांटा उभा राहिला असेल. चित्रपटांत हलणारें चित्र आहे तें एवढेंच : झोपेंतून जागी होत असलेली ती स्त्री डोळे उघडते. इतर सर्व आठवणी थिजलेल्या, आणि ही एक जिवंत !

रिडले स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ सालीं निघाला. त्याचें कथानक २०१९ च्या नोव्हेंबरांत लॉस एंजेलिस येथें घडतें. तें वर्ष येऊन गेलें. त्यांतल्या उडत्या मोटारी कांहीं आपल्या रस्त्यांवर आल्या नाहींत. पण चित्रपटाचें मर्म मोटारींत नव्हतें. त्यांत रेचेल नांवाची एक तरुणी आहे. ती कारखान्यांत निर्माण झालेली आहे, आणि हें तिलाच ठाऊक नाहीं. आपण खरें माणूस आहोंत याचा पुरावा म्हणून ती आईबरोबरचें बालपणचें छायाचित्र दाखविते. परंतु त्या बालपणींच्या आठवणी तिच्या निर्मात्याच्या नात्यांतील एका मुलीच्या असून रेचेलच्या मनांत त्या बाहेरून घातलेल्या आहेत. निर्माता त्याचें कारणही सांगतो : भूतकाळ देऊन ठेवला म्हणजे अशा जिवांना ताब्यांत ठेवणें सोपें जातें.

हें वाक्य पुढारलेल्या घरांतून आज विचार करण्याजोगें आहे. पूर्वीं घरांत छायाचित्रांचा एखादा आल्बम असे. आजी एकेका चित्रावर बोट ठेवून सांगे, “ही तुझी आत्या, हिला तेव्हां ताप होता, म्हणून तोंड असें.” चित्र थोडें आणि गोष्ट मोठी असे. आज छायाचित्रें हजारोंनीं आहेत, आणि सकाळीं खिशांतला फोनच आपण होऊन ‘पांच वर्षांपूर्वीं याच दिवशीं’ असें म्हणत एक चित्र पुढें करतो. तें कोणी निवडलें, कोणत्या हिशेबानें निवडलें आणि कोणतें मागें ठेवलें, हें आपण विचारीत नाहीं. आपल्या आठवणी रेचेलच्या आठवणींप्रमाणें उसन्या नाहींत, हें खरें. परंतु आज काय आठवावें हें दुसरेंच कोणी ठरवूं लागलें आहे. घरच्या माणसाचा दूरध्वनि-क्रमांक आपल्यापैकीं कितीजणांस पाठ आहे ?

यावरचा उपाय या चित्रपटांतून क्वचितच सांपडतो. फ्रान्स्वा त्र्यूफो यांच्या १९६६ च्या ‘फॅरेनहाइट ४५१’ मध्यें तो आहे. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ सालच्या कादंबरीवरून तो काढलेला आहे. त्या राज्यांत आग विझविणाऱ्यांचें काम पुस्तकें जाळण्याचें. वाचन निषिद्ध म्हणून आरंभींची नामावलीसुद्धां पडद्यावर लिहिलेली नाहीं, ती बोलून दाखविली आहे. अखेरीस कांहीं माणसें अरण्यांत राहून प्रत्येकीं एकेक पुस्तक मुखोद्गत करतात. एक मरणोन्मुख म्हातारा एका मुलाकडून आपलें पुस्तक म्हणवून घेतो. बाहेर बर्फ पडूं लागतें, म्हातारा जातो, आणि मुलगा न अडखळतां म्हणत राहतो.

जात्यावरच्या ओंव्या आणि अभंग ज्यांच्या घरांत तोंडपाठ होते, त्यांना हा उपाय परका वाटूं नये. म्हणून एखादा भयंकर चित्रपट पाहून घरीं आल्यावर लगेच दिवा मालवूं नये. घरांतील वडील माणसाजवळ बसावें, त्याची एक आठवण ऐकावी, आणि ती पुन्हां कोणाला तरी सांगतां येईल इतकी नीट ऐकावी.