ट्रक वळवले, धूळ कुठे गेली?

नागपूरहून रायपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ भिलाईतून जातो. शहरात त्याला आजही जी. ई. रोड म्हणतात. शहराच्या उत्तरेस नंदिनी-अहिवारा पट्ट्यात चुनखडीच्या खाणी, जामुलला सिमेंट कारखाना आणि शेजारी पोलाद प्रकल्प. अशा ठिकाणी खनिजाच्या ट्रकांचा प्रश्न आला की मागणी ठरलेली असते: ट्रक वस्तीतून नकोत, बाहेरून वळवा. मागणी रास्त आहे. तरीही ती मान्य करताना प्रशासन एक प्रश्न टाळते, असे माझे निरीक्षण आहे. ‘बाहेर’ म्हणजे नेमके कोणाच्या दारातून?

मार्गबदल हा केवळ वाहतुकीचा निर्णय नसतो. त्याने धूळ, आवाज आणि अपघाताचा धोका नाहीसा होत नाही. तो नव्या लोकांच्या वाट्याला जातो. हे लोक बहुधा ग्रामीण असतात आणि त्यांना विचारलेले नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याची स्थिती पाहून जड वाहनांना एखाद्या रस्त्यावर मनाई करता येते. मनाई महिन्याभरापुरती असेल तर राजपत्रात अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. ज्या रस्त्यावर बंदी येते, त्याचा विचार कायदा करतो. ज्या रस्त्यावर ते ट्रक जाणार, त्याच्याविषयी हे कलम काही विचारत नाही.

त्या रस्त्याचे काय होते, हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून निघालेला ढोबळ नियम असा की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार वीस टक्क्यांनी वाढला, तर झीज जवळपास दुप्पट होते. ट्रॅक्टर आणि मोजक्या वाहनांसाठी बांधलेला गावरस्ता खदानीच्या भरलेल्या ट्रकांखाली किती टिकणार? आधी साइडपट्टी खचते, मग खड्डे पडतात, आणि खड्ड्यांतून उडणारी धूळ घराघरांत जाते.

भरपाईची व्यवस्था कागदावर आहे. २०१५च्या खाण कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित धरले. ही वर्तुळाची भाषा आहे. ट्रकचा त्रास मात्र रेषेत पसरतो. खाणीपासून चाळीस किलोमीटरवरच्या शाळेसमोरून दिवसभर ट्रक जात असतील, तर ती शाळा वर्तुळाबाहेरच राहते.

भिलाईच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज रेल्वेने आणण्याची व्यवस्था प्रकल्पाचाच भाग होती. रावघाटच्या बाबतीत क्रम उलटला. २०२२ मध्ये तिथले खनिज निघू लागले, तेव्हा लोहमार्ग खाणीपर्यंत पोहोचला नव्हता. ते अंतागढपर्यंत ट्रकने नेऊन पुढे रेल्वेत भरावे लागले. आपल्या गडचिरोलीत सुरजागडचे ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसले. हेडरी ते कोनसरी ही सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी त्यानंतर, २०२५ मध्ये सुरू झाली.

प्रत्येक छोट्या खदानीला रेल्वे देता येणार नाही, हे मान्य. म्हणूनच मार्ग बदलण्याआधी नव्या मार्गावरील ग्रामसभांचे म्हणणे ऐकावे, रस्त्याची भारक्षमता तपासावी, खदानीच्या फाटकावरच वजनकाटा असावा, ताडपत्रीशिवाय ट्रक सुटू नये आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहतूक थांबावी. खनिज निधीतला हिस्सा या मार्गालाही मिळावा. यांतले काहीच अवघड नाही. फक्त मार्गबदलाच्या आदेशाखाली सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्या दुसऱ्या रस्त्यावर एकदा जाऊन यायला हवे.