टाकीचा गीझर काढून इन्स्टंट बसवावा का?

आजचा विषय अगदी घरगुती आहे. बाथरूममधला पंधरा-पंचवीस लिटरचा गीझर जुना झालेला असतो, एखाद्या थंडीत त्याची टाकी गळायला लागते, आणि दुकानात गेलं की सल्ला मिळतो, "आता टाकीचा कशाला घेता? इन्स्टंट घ्या, विजेचं बिल अर्ध्यावर येईल." हा सल्ला खरा किती आणि कोणत्या घरासाठी खरा, हे आज आपण हिशोबाने पाहणार आहोत. कागद-पेन्सिल असेल तर काढून ठेवा. आकडेमोड चौथीच्या पुढची नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे "इन्स्टंट" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, १ ते ३ लिटरची छोटी टाकी आणि ३ किलोवॅटचा एलिमेंट असलेला विजेचा गीझर. याला बिनटाकीचा म्हणणं खरं तर चूक आहे, टाकी लहान आहे इतकंच. दुसरी, वाहत्या पाण्याला जागच्या जागी तापवणारा, खरोखर टाकी नसलेला विजेचा हीटर. तिसरी, गॅस गीझर. त्यात बर्नरच्या वरच्या तांब्याच्या नळीतून पाणी वाहतं आणि वाहता वाहता तापतं. तिघांचे गुण-दोष वेगळे आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांचा अनुभव ऐकताना त्यांच्याकडे यातलं नेमकं काय आहे हे आधी विचारा.

आता हिशोब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. या दोन आकड्यांवर आजचं सगळं व्याख्यान उभं आहे. पुण्यात थंडीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश आहे असं धरू. अंघोळीला ४० अंशांचं २० लिटर पाणी, म्हणजे एक मोठी बादली. २० गुणिले २०, ४०० किलोकॅलरी. भागिले ८६०. उत्तर येतं ०.४६ युनिट, अर्ध्या युनिटाला थोडं कमी.

गीझर टाकीचा असो की इन्स्टंट, पाण्यात जाणारी ही उष्णता तेवढीच लागते. विजेचा एलिमेंट पाण्यातच बुडलेला असतो, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याला मिळते. तिथे कोणतीही कंपनी जादू करू शकत नाही. मग बचत कुठून येणार? फक्त एकाच जागेतून: टाकीत तापवून ठेवलेलं पाणी न वापरता गार होतं, त्यातून.

आणि इथेच खरी गंमत आहे. टाकी नसलेल्या हीटरची जी कीर्ती आपण ऐकतो, ती प्रामुख्याने अमेरिकेसारख्या देशांतून आली आहे. तिथल्या घरात दीडशे ते दोनशे लिटरची टाकी तळघरात किंवा गॅरेजमध्ये असते आणि ती चोवीस तास, बारा महिने गरम ठेवलेली असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा आकडा असा आहे: दिवसाला ४१ गॅलन, म्हणजे सुमारे १५५ लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात टाकी नसलेला हीटर २४ ते ३४ टक्के जास्त कार्यक्षम ठरू शकतो. वापर ८६ गॅलनच्या आसपास असेल तर हा फायदा ८ ते १४ टक्क्यांवर येतो. आकडे बरोबर आहेत, पण ते चोवीस तास गरम असलेल्या टाकीशी केलेल्या तुलनेचे आहेत.

आपल्याकडे काय होतं? सकाळी उठलं की कुणीतरी ओरडतं, "गीझर लावला का रे?" अर्ध्या तासाने अंघोळी, आणि शेवटचा माणूस बाहेर आला की "गीझर बंद केलास ना?" ही आपली सवयच निम्मं काम करून टाकते. टाकीच्या गीझरवर तारांकनाचं जे लेबल असतं, त्यावर पाणी नुसतं गरम ठेवण्यासाठी दिवसभरात किती वीज वाया जाते हे छापलेलं असतं. समजा तुमच्या लेबलवर ०.५ युनिट लिहिलंय. गीझर दिवसभर चालू ठेवलात तर महिन्याला १५ युनिट गेली. रोज एकच तास लावलात तर? दिवसाला ०.०२ युनिट. नगण्य.

राहिलं ते शेवटच्या अंघोळीनंतर टाकीत उरलेलं गरम पाणी. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं ७ लिटर पाणी उरलं आणि ते पूर्ण गार झालं, तर २८० किलोकॅलरी, म्हणजे एक-तृतीयांश युनिट वाया. महिन्याला १० युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर १०० रुपये. शेवटच्या अंघोळीच्या आधीच बटण बंद केलं तर यातलेही बरेचसे वाचतात. थोडक्यात, थंडीतल्या महिन्याला जास्तीत जास्त शंभर रुपयांसाठी नवा गीझर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचा खर्च करायचा का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. बिल अर्ध्यावर येण्याची गोष्ट मात्र विसरा.

आता दुसरी बाजू: इन्स्टंट आपल्याला पुरेल का? ३ किलोवॅटचा एलिमेंट मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो. म्हणजे २० अंश तापवायचं तर मिनिटाला साधारण २ लिटर पाणी. बादलीला सव्वानऊ मिनिटं लागतील. कोकणात किंवा मुंबईत पाणीच २५ अंशांचं येत असेल, तर सात मिनिटांत बादली भरेल. नाशिक-निफाडकडच्या थंडीत १५ अंशांच्या पाण्याला साडेअकरा मिनिटं धरा. बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला हे चालतं. एकाचं अंग पुसून होईपर्यंत दुसऱ्याची बादली भरलेली असते, आणि पाणी संपलं अशी तक्रार होत नाही.

शॉवरचं गणित वेगळं आहे. शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी येत असेल, तर ३ किलोवॅटच्या गीझरने ते जेमतेम ५ अंशांनी तापेल. ३ लिटरच्या छोट्या टाकीतलं आधीचं गरम पाणी मिनिटभर साथ देतं, मग अंगावर कोमट, आणि मग जवळजवळ गारच. तोच शॉवर खऱ्या बिनटाकीच्या विजेच्या हीटरवर चालवायचा तर ११ किलोवॅट लागतील, म्हणजे २३० व्होल्टवर ४८ अँपिअर. घरातल्या पॉवरच्या सॉकेटची मर्यादा १६ अँपिअर असते. तुमच्या वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना आहे तो घरी जाऊन बघा. साध्या फ्लॅटचा अख्खा भार बहुधा याहून कमी असतो. याउलट १५ लिटरची टाकी ६० अंशांवर असेल तर त्यात गार पाणी मिसळून अंघोळीजोगं ३० लिटर होतं, २५ लिटरच्या टाकीतून ५० लिटर, आणि तेही फक्त २ किलोवॅटच्या एलिमेंटवर. टाकीचा उपयोग हाच. ती वीज हळूहळू घेते आणि पाणी भराभर देते. आजीच्या घरचा तांब्याचा बंबही हेच करायचा.

मग गॅस गीझर. मिनिटाला ६ लिटर पाणी तो २५ अंशांनी सहज तापवतो, वायरिंगचा प्रश्न नाही, वीज गेली तरी चालतो. बहुतेकांत ठिणगीसाठी साधे सेल असतात. खर्चासाठी एक सोपं सूत्र देतो. एक किलो एलपीजीतून पाण्याला मिळणारी उष्णता साधारण १० युनिट विजेइतकी धरा. म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे सुमारे १४५ युनिट. तुमच्या सिलिंडरची किंमत १४५ ने भागा आणि येणारा आकडा तुमच्या विजेच्या दराशी ताडून बघा. पण दर कोणता? महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. गीझरची युनिटं नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात मोडतात, तेव्हा तुलना त्या टप्प्याच्या दराशी करायची, सरासरीशी नाही. महिन्याला ३०० च्या पुढे जाणाऱ्या घरात गॅस बऱ्याचदा स्वस्त पडतो.

आता जे सांगतो ते कृपया लक्ष देऊन ऐका. असा गॅस गीझर दहा मिनिटांत साधारण १६० ग्रॅम गॅस जाळतो, आणि त्याला सुमारे २ घनमीटर हवेतला प्राणवायू लागतो. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच ८ घनमीटर असते. दार-खिडकी बंद, आत एक माणूस, आणि दहा मिनिटांत पाव खोलीचा प्राणवायू संपला. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, चक्कर येते, आणि कडी काढायचं बळ उरत नाही. मुंबई-पुण्यात आणि इतरत्रही अशी माणसं बंद बाथरूममध्ये गेलेली आहेत, त्यांत तरुण मुलं-मुलीही आहेत. म्हणून गॅस गीझर बाथरूममध्ये बसवायचाच नाही. तो ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर असावा, धुराची नळी उघड्या हवेत निघावी, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत यावा. "एक्झॉस्ट फॅन लावला की झालं" हा समजही सोडा. बंद खोलीत तो पंखा कधीकधी नळीतला धूरच उलटा आत ओढतो. बाहेर जागा नसेल तर गॅसचा विषय तिथेच संपला, कितीही स्वस्त असला तरी.

दोन बाबी अजून. पहिली, पाण्याचा दाब. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब इतका कमी असतो की गॅस गीझर पेटतच नाही. उलट उंच इमारतीत, प्रेशर पंप असेल तिथे, दाब जास्त होतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. गीझरवर किती बार लिहिलंय ते सोसायटीच्या प्लंबरला विचारून जुळवून घ्या. दुसरी, बोअरचं जड पाणी. क्षार एलिमेंटवर आणि गॅस गीझरच्या बारीक नळीत साचतात. टाकी असो वा नसो, अशा घरात दरवर्षी साफसफाई धरूनच चाला.

तर ठरवायचं कसं? बादलीने अंघोळ, माणसं दोन-तीन किंवा सगळे वेगवेगळ्या वेळी अंघोळ करणारे, किंवा नुसतं स्वयंपाकघराच्या सिंकला गरम पाणी हवं, तर ३ किलोवॅटचा इन्स्टंट छान. शॉवर हवा आणि बाहेर उघडी हवेशीर जागा आहे, तर गॅस. शॉवर हवा आणि जागा नाही, तर टाकीचाच गीझर, जास्त ताऱ्यांचा. आणि सध्याचा गीझर धडधाकट असेल तर तो काढू नका. तो गळेल तेव्हा हा हिशोब परत मांडा. विजेचा कोणताही घ्या, अर्थिंग आणि गळती-संरक्षक स्विच आधी तपासून घ्या.

श्रोत्यांचे काही प्रश्न आले आहेत, त्यांतले दोन घेतो.

प्रश्न: सर, आमच्या सोसायटीत सोलर आहे. ढगाळ दिवसांसाठी इन्स्टंट चालेल का?

सोलरकडून ३० अंशांचं पाणी आलं, तर पुढे १० अंशच तापवायचं राहतं. मग ३ किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला ४ लिटर देतो, म्हणजे चांगलाच उपयोगी. गॅस गीझर जोडणार असाल तर त्याला आधीच गरम झालेलं पाणी चालतं का, हे माहितीपत्रकात पाहा. सगळ्यांना चालत नाही.

प्रश्न: घरात आई ऐंशीच्या आहेत. त्यांच्यासाठी कोणता बरा?

गॅस गीझरमध्ये पाण्याची धार बारीक झाली की पाणी एकदम कढत येतं. घरात दुसरीकडे कुणी नळ उघडला तरी असं होऊ शकतं. आईंना नळाखाली बसू देऊ नका. बादली आधी भरून, हाताने पाहून मग द्या. टाकीच्या गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवता येतो, त्यामुळे आमचा कल त्यांच्यासाठी टाकीकडे आहे. बाथरूमची कडी मात्र आतून लावू नये, गीझर कोणताही असो.