राखीचा धागा आणि जाहिरातीचा आकडा

निवडणूक जवळ आली, हे कात्रज चौकात कोणाला सांगावे लागत नाही. हात जोडलेले चेहरे फलकांवर झळकू लागतात, रिक्षांवरील भोंगे गाऊ लागतात आणि घराघरांतल्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती येऊन पोहोचतात. त्या पाहताना मन हेलावते. विचार करायला मात्र उसंत मिळत नाही.

२०२४ ची विधानसभा निवडणूक याचे बोलके उदाहरण आहे. 'माझी लाडकी बहीण' योजनेचा शुभारंभ १७ ऑगस्टला पुण्यातच, बालेवाडीत झाला; दोनच दिवसांनी रक्षाबंधन होते. दरमहा १५०० रुपये ही वस्तुस्थिती. 'बहीण' हा शब्द ही भावना. प्रचारात महायुतीने २१०० रुपयांचे वचन दिले. महाविकास आघाडीने ३००० रुपये देऊ केले आणि योजनेला नाव दिले 'महालक्ष्मी'. एकीकडे बहिणीची माया, दुसरीकडे देवीचे मांगल्य! रक्कम वेगळी, रीत एकच.

भावना म्हणजे असत्य नव्हे. तुटपुंज्या मिळकतीत संसार चालवणाऱ्या स्त्रीला १५०० रुपयांचे मोल विचारावे. परंतु याच योजनेसाठी राज्याने वर्षाला सुमारे ४६ हजार कोटी रुपयांचा खर्च गृहीत धरला होता. हा आकडाही खराच; तो फलकावर मात्र आला नाही. जाहिरात पुष्कळदा खोटे बोलत नाही. ती अर्धेच बोलते. सत्याला अनेक बाजू असतात, हा अनेकांताचा संस्कार ज्या घरात आहे, तेथे उरलेली बाजू शोधणे अवघड नसावे.

कायद्यानेही काही मर्यादा आखल्या आहेत. निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे बंधनकारक आहे. धर्म, जात वा भाषेच्या नावे मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी दिला. ते प्रकरण मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवले होते.

तरीही प्रत्येक घरी पहारा ठेवणे कायद्याला शक्य नाही. तो विवेकानेच ठेवावा लागतो. रात्रीच्या निवांत वेळी आजी, सून आणि प्रथमच मतदान करणारा नातू यांनी एखादी जाहिरात एकत्र पाहावी आणि तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी छापले? पैसा कोठून येणार? यात काय सांगितलेले नाही? उत्तरे मिळाल्यावरही मन त्याच बाजूला झुकले, तर ते मत खऱ्या अर्थाने आपले असेल.